तीन पिवळ्या फेऱ्या

शनिवारी सकाळी आमच्या घरी थालीपिठाचं पीठ दुप्पट भिजायचं. घरात आम्ही तिघंच, पण शनिवारी शेजारचा डेल आणि त्याची बायको रूथ धरलेले असायचे, आणि डेल एकटाच चार थालीपिठं खायचा. भाजणी मिरजेहून आत्या पाठवायची. कुणीतरी भारतातून येणार असलं की त्याच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये ती पिशवी दडलेली असायची, आणि ते पाहुणे न्यूयॉर्कला उतरले की बाबा चार तास गाडी चालवून ती आणायला जायचे. आई थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळायची, प्रत्येक जोडीच्या मध्ये लोण्याचा गोळा ठेवून. शर्यतीच्या ट्रॅकवर पोचेपर्यंत लोणी विरघळून कडांपर्यंत आलेलं असायचं, आणि फॉइल उघडल्याबरोबर त्यावर ट्रॅकची माती येऊन बसायची. ती माती कुठेही जायची. कानात, वेणीत, चहाच्या थर्मासात. आई पहिली दोन वर्षं कुरकुरली, मग म्हणाली, "जाऊ दे, देवाघरी गेल्यावर एवढी माती पोटात आहे म्हणून कुणी परत पाठवणार नाही." आजही थालीपीठ खाताना दाताखाली काही कचकचलं नाही, तर मला ते अळणी लागतं.

आमचं गाव पेनसिल्व्हेनियाच्या मधल्या भागात, मक्याच्या शेतांत. गाड्यांचे ब्रेक बनवणारा एक कारखाना, तीन चर्च, एक दुधाचं दुकान आणि गावाबाहेर मातीचा लंबगोल ट्रॅक. बाबा त्या कारखान्यात इंजिनिअर. मी सात वर्षांची असताना आम्ही आलो, तेव्हा शंभर मैलांत दुसरं मराठी घर नव्हतं. न्यू जर्सीतली माणसं गणपतीला एकत्र जमायची तिथे आम्ही वर्षातून एकदा जायचो. बाकीच्या मुली भरतनाट्यम शिकलेल्या असायच्या. मला कुणी विचारलं, "तू काय करतेस गं?" की आई माझ्याआधी उत्तर द्यायची, "तिला ड्रायव्हिंगची आवड आहे." ते खोटं नव्हतं.

स्प्रिंट कार म्हणजे काय, हे मला मराठी माणसांना नेहमीच सांगावं लागतं. गाडी म्हणावी असं तिच्यात फारसं काही नसतं. नळ्यांचा एक पिंजरा, पुढे इंजिन, उघडी चाकं, आणि डोक्यावर पलंगाएवढा पत्र्याचा पंख. तो पंख वाऱ्याने गाडीला मातीवर दाबून धरतो. तिला स्टार्टर नसतो, मागून ट्रकने ढकलून सुरू करायची. वळणं सगळी डावीकडची, पण माती इतकी निसरडी की गाडी आडवी घसरतच वळणातून जाते. डावीकडे जायचं असतं आणि पुढची चाकं मात्र उजवीकडे वळवलेली असतात. बाबांना पहिल्यांदा हे डेलने दाखवलं, तेव्हा ते अर्धा तास कुंपणाशी उभं राहून नुसती वळणं बघत राहिले. मग घरी येऊन त्यांनी कागदावर बाण काढून ते का होतं हे आईला समजावलं, आणि आई म्हणाली, "म्हणजे आपल्या वन्संसारखं. जायचं एकीकडे, तोंड दुसरीकडे."

डेल आमचा शेजारी. वेल्डिंगचं दुकान त्याचं, घरालाच लागून. आई त्याला डेलभाऊ म्हणायची आणि त्याला ते आपलं खरंच नाव वाटायचं, दाराशी आला की स्वतःच हाक द्यायचा, "डेलभाऊ आलाय!" अर्थात बाकी सगळं तो इंग्रजीत बोलायचा. पण इतकी वर्षं झाली, माझ्या आठवणीत तो मराठीतच बोलतो. मूल नव्हतं त्याला. मी बारा वर्षांची असताना त्याने मला त्याच्या जुन्या पिंजऱ्यात बसवलं, पाय पेडलला पुरेनात म्हणून पाठीमागे उशी लावली, आणि शेतातल्या रिकाम्या तुकड्यावर गोल गोल फिरायला लावलं. नलिनी त्याला जमेना, मी नेली झाले. बाबा पाटणकरांचे पॅट झाले होतेच.

बाबांचं ट्रॅकवरचं स्थान मात्र वेगळं होतं. त्या काळी फेऱ्यांची नोंद हाताने व्हायची. उंच लाकडी टॉवरवर बसून प्रत्येक फेरीत गाड्या कोणत्या क्रमाने गेल्या ते लिहायचं. वीस-बावीस गाड्या, पंधरा सेकंदांची एक फेरी. बाबा कागदाकडे न बघता लिहायचे आणि त्यांचं चुकायचं नाही. दोन उन्हाळ्यांत ते टॉवरवरचे मुख्य पंच झाले. कुणाला मागे पाठवायचं, कुणाला बाद करायचं, हे ते खालच्या झेंडेवाल्याला कळवायचे आणि तो बोट दाखवून ते अमलात आणायचा. मिरजेच्या शाळामास्तरांचा मुलगा, ह्या तांबड्या मातीत, अंगात बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, आणि त्याच्या एका शब्दावर ती दांडगी माणसं निमूट शेवटच्या रांगेत जायची. मला त्याचा किती अभिमान वाटायचा, ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

टॉवरवरच्या नियमांवरून आमच्या स्वयंपाकघरात जी भांडणं व्हायची, ती मला अजून ऐकू येतात. नियम असा होता: टक्कर झाली, पिवळा बावटा पडला, की जी गाडी ट्रॅकवर थांबलेली असेल ती शेवटच्या नंबरावर जाणार. चूक कुणाचीही असो. एकदा डेलला मागून कुणीतरी मारलं, त्याची गाडी गरकन फिरून थांबली, आणि बाबांनी त्यालाच मागे पाठवलं. त्या रात्री जेवणावर तो टेबलावर मूठ आपटत म्हणाला, "पॅट, मार मी खाल्ला, आणि शिक्षाही मलाच? हा कुठला न्याय?"

बाबा आमटी ओरपत म्हणाले, "हेतू मला वरून दिसत नाही. थांबलेली गाडी दिसते."

"मग ज्याने मारलं त्याला विचारा."

"विचारलं तर तो कबूल करेल?"

"करेल," डेल म्हणाला. "सोमवारी सगळ्यांना त्याच दुकानात दूध आणायला जायचंय."

त्यातूनच पुढच्या वर्षी कबुलीचं कलम आलं. पिवळ्या बावट्याखाली गाड्या सावकाश फिरत असताना, ज्याच्यामुळे टक्कर झाली त्याने झेंडेवाल्यासमोरून जाताना हेल्मेटवर थाप मारायची. तेवढं केलं की तो शेवटी जाणार, आणि थांबलेल्याला त्याची जागा परत मिळणार. हात पिंजऱ्याबाहेर जाऊ नये म्हणून पट्ट्याने बांधलेले असतात, पण डोक्यापर्यंत पोचण्याएवढी ढील असते. बाबांनी शेवटी आपलं एक वाक्य जोडलं: कुणी कबूल केलं नाही, पण पंचांना चूक स्पष्ट दिसली, तर पंच स्वतः त्याला मागे पाठवू शकतील. ते वाक्य वापरायला त्यांना आवडायचं नाही. वर्षाकाठी दोन-तीनदा वापरायचे. कबुलीचं कलम मात्र चाललं, आणि सगळ्यांनाच त्याचं नवल वाटलं. शिव्या देणारी, तंबाखू चघळणारी ती माणसं, पुढच्या नंबरावरून, डोक्यावर थाप मारून मुकाट मागे जायची. बाबा घरी येऊन आईला सांगायचे, "आज तिघांनी थाप मारली." जणू तिघांना नोकरी लागली.

माझ्या सतराव्या वर्षी मी आणि डेल एकाच गटात धावत होतो. माझी गाडी एकोणीस नंबरची, त्यानेच जोडलेली. त्याची सत्तावीस. डेल त्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा मोसमभर साठलेल्या गुणांमध्ये सगळ्यांच्या पुढे होता. बेचाळीस वर्षांचा होता, आणि रूथने त्याच्याकडून वचन घेतलं होतं की हा शेवटचा उन्हाळा. शेवटची शर्यत शनिवारी पावसाने बुडाली म्हणून रविवारी दुपारी ठेवली. आकाश धुऊन निघालेलं, माती काळसर आणि जड. एरवी शर्यती रात्री दिव्यांखाली व्हायच्या; दुपारच्या उन्हात शर्यत मी आधी कधी पाहिली नव्हती. सगळं फारच स्पष्ट दिसत होतं.

पाच फेऱ्या उरल्या होत्या तेव्हा डेल पहिला होता आणि मी दुसरी. गुणांसाठी त्याला पहिल्या तिघांत यायचं होतं, बस. मला काहीच गरज नव्हती. पण मी तोवर एकही शर्यत जिंकले नव्हते, आणि समोर रिकामा ट्रॅक असताना कसं वाटतं हे मला एकदा बघायचं होतं. तिसऱ्या वळणावर मी आतल्या बाजूने गाडी घुसवली. आतून शिरायचं, घसरत वर, म्हणजे बाहेरच्या कडेकडे सरकायचं आणि पुढच्याच्या नाकासमोर येऊन त्याची वाट अडवायची, हा डाव डेलनेच मला शिकवलेला. त्याच्यासाठी एक गाडीभर अंतर लागतं. ते नव्हतं. हे मी आता साठी उलटल्यावर समजूतदारपणे म्हणत नाहीये. तेव्हाच, चाक वळवतानाच मला माहीत होतं की जागा नाही. मी फक्त असं धरून चालले की मागे मी आहे हे डेलला कळेल, आणि मी आहे म्हणून तो जागा देईल. दुसऱ्या कुणासमोर मी ती गाडी घातली नसती.

माझं मागचं उजवं चाक त्याच्या पुढच्या डाव्या चाकाला लागलं. आवाजसुद्धा फार झाला नाही. माझी गाडी एकदा डचमळली आणि सरळ झाली. त्याची गरगर दोनदा फिरली आणि ट्रॅकच्या मधोमध उलट्या तोंडाने थांबली. पिवळा बावटा पडला.

ट्रकने डेलला ढकलून सुरू केलं आणि तो रांगेच्या शेवटी जाऊन लागला. मी पहिली. पिवळ्या बावट्याखालची पहिली फेरी मी श्वास घेण्यात घालवली. हेल्मेटच्या काचेवरची मातीने भरलेली पातळ फिल्म ओढून काढली, आणि समोर काहीच नव्हतं, नुसती ओली माती आणि तिच्यावर एकाही चाकाची खूण नाही. झेंडेवाल्यासमोरून जाताना तो माझ्याकडे बघत होता. मी स्वतःला सांगितलं, पुढच्या फेरीत.

दुसऱ्या फेरीत मी कारणं शोधली. डेलने जरा खाली गाडी आणली होती का? आणली असेल. माझ्याआधी किती जणांनी असंच केलं आणि थाप मारली नाही? शिवाय ह्या सगळ्या गर्दीत मुलगी मी एकटी, काळी-सावळीही मी एकटी, मी थाप मारली तर म्हणतील, हिला येतच नाही. अशी कारणं सतराव्या वर्षी भराभर सुचतात. झेंडेवाला पुन्हा समोरून गेला.

बाबा पिवळ्या बावट्याखाली दोनच फेऱ्या द्यायचे. अगदी ठरलेलं. तिसऱ्या फेरीला हिरवा बावटा पडायला हवा होता, मी पाय पेडलवर घट्ट करून बसले होते. पण झेंडेवाल्याने एक बोट वर केलं: अजून एक फेरी. मी वर पाहिलं. टॉवरच्या काचेमागे पांढरा शर्ट उभा होता. बाबा कधी उभे राहून काम करत नसत. चेहरा दिसला नाही, काचेवर ऊन होतं. पण ते माझ्याकडे बघत होते एवढं मला कळलं. ती पूर्ण फेरी मी हात चाकावर ठेवून काढली. तेव्हा मला जिंकायचंही राहिलं नव्हतं. आत्ता थाप मारली तर आधीच्या दोन फेऱ्या का मारली नाही, ह्याची लाज वाटत होती. एवढंच कारण होतं. मी पुष्कळ वर्षं ह्याहून मोठं कारण शोधत राहिले, नव्हतंच.

हिरवा बावटा पडला. डेल मागून यायला निघाला. गुण वाचवायला त्याला वीस गाड्यांतून वाट काढायची होती, पाच फेऱ्यांत. मागच्या नंबरांवर नवखी मुलं असतात, तिथे गाड्या एकमेकींत अडकतात; शिक्षा म्हणून मागे जाणं म्हणजे नुसता नंबर जाणं नव्हे, हे प्रत्येक धावणाऱ्याला माहीत असतं. दुसऱ्याच फेरीत दोन गाड्या त्याच्यासमोर आडव्या झाल्या आणि तो त्यांच्यावरून उडाला. मला ते दिसलं नाही. मला लाल बावटा दिसला आणि मी थांबले. इंजिनं बंद झाली आणि त्या शांततेत मला रूथचा आवाज ऐकू आला.

अर्ध्या तासाने शर्यत पुन्हा सुरू झाली. मी जिंकले.

आई रूथबरोबर हॉस्पिटलला गेली होती. संध्याकाळी परतली तेव्हा मी आणि बाबा स्वयंपाकघरात दिवा न लावता बसलो होतो. तिने दिवा लावला, हात धुतले, आणि म्हणाली, "डाव्या मनगटाचा चुरा झालाय. डॉक्टर म्हणतात, हात राहील, पण पूर्वीसारखा नाही." मग माझ्याकडे वळून, "नलू, तुझ्यामुळे गं?"

"इट्स रेसिंग, आई," मी म्हणाले. मला जेव्हा खरं बोलायचं नसायचं तेव्हा मी इंग्रजीत उत्तर द्यायची. आईला ते माहीत होतं. तिने त्या दिवशी कुकर लावला नाही. सकाळची उरलेली थालीपिठं फॉइलमध्ये तशीच होती, ती कुणी उघडली नाहीत.

मंगळवारी मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. ते कारखान्यातून आले होते, बूट काढत होते. मी म्हणाले, "बाबा, रिझल्ट बदला. मला बाद करा. चूक माझी होती."

"तक्रारीची मुदत शर्यत संपल्यावर एक तास," ते म्हणाले.

"मग नियम चुकीचा आहे तुमचा."

त्यांनी दुसरा बूट काढला, दोन्ही नीट जोडून भिंतीशी ठेवले. "नियम ठीक होता," ते म्हणाले. "एरवी मी दोन फेऱ्या देतो. तुला तीन दिल्या."

 दोन दिवसांनी आई शिरा घेऊन मला डेलकडे घेऊन गेली. तो खुर्चीत बसला होता, हात छातीशी बांधलेला. मला बघून म्हणाला, "चांगली धावलीस, नेली." त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी रडले असते आणि सगळं सांगून मोकळी झाले असते. त्याने चांगलं म्हटलं म्हणून मी "थँक यू" म्हणाले. माझं हे "थँक यू" मला आजही झोपेतून उठवतं.

हिवाळा गेला. डेलने पिंजरा विकला, दुकानात एक माणूस ठेवला. मी धावत राहिले, पण मन लागेना. वसंतातल्या दुसऱ्याच शर्यतीत एका मुलाने वरून येऊन मला घासलं, आणि तोच फिरून थांबला. चूक सरळ त्याची होती. पिवळा बावटा पडला आणि पहिल्याच फेरीत, झेंडेवाल्यासमोर, मी हेल्मेटवर थाप मारली. एकदा नाही, दोनदा, जोरात. मला इतकं हलकं वाटलं. मी रांगेतून बाहेर निघून मागे जायला लागले, तर झेंडेवाल्याने टॉवरकडे पाहिलं, मान हलवली, आणि मला बोटाने पुन्हा माझ्या जागेवर जायला सांगितलं. मुलगा मागे गेला.

परतताना गाडी बाबा चालवत होते. आई मागे डुलकी घेत होती. मग ते म्हणाले, "खोटी कबुली मी घेत नाही."

"मला मागे जायचं होतं."

"ते कळलं मला. पण आज चूक त्या पोराची होती. ती त्याला कळायला नको? तुझ्या त्या दिवसाची फेड त्याच्या शर्यतीत कशाला करतेस?" थोड्या वेळाने, हळू आवाजात, "ती ज्याची त्यालाच करावी लागते."

त्या उन्हाळ्यानंतर मी धावणं सोडलं. कॉलेजला गेले, दातांची डॉक्टर झाले, न्यू जर्सीत पिस्कॅटवेला घर केलं, मुलं वाढवली. लोकांना वाटतं मला वेगाची आठवण येत असेल. येते, पण ती थोडी. मला आठवतं ते शनिवारी दुपारी चार वाजता आमच्या आवारात डेल इंजिन तापवायचा ते; आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींवर किणकिणायच्या आणि आई खिडकीतून ओरडायची, "डेलभाऊ, पुरे!" त्या इंधनाचा गोडसर, डोळे चुरचुरवणारा वास. टेबलावर नियमांवरून भांडणारे दोन पुरुष, एक आमटीत बुडालेला आणि एक रागात. ते सगळं त्या रविवारनंतरही होतं, डेल जेवायला येतही होता. पण टकरींचा विषय कुणी काढत नसे, आणि त्या विषयाशिवाय त्या दोघांना एकमेकांशी बोलायला दुसरं फारसं काही नव्हतं. मैत्री तुटली नाही. तिच्यातलं भांडण गेलं, आणि ते गेल्यावर जे उरलं ते फार सभ्य होतं.

आता ट्रॅकवर कॅमेरे आहेत. धावणाऱ्याच्या कानात पंचांचा आवाज जातो. टक्कर झाली की पंच पडद्यावर तीनदा बघून ठरवतात. माझा धाकटा म्हणतो, "मम्मा, धिस इज सो मच फेअरर." असेल. तरी गेल्या वर्षी मी बघायला गेले, तर लोक तितकेच ओरडत होते.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. एका दुपारी मी त्यांची नखं कापत होते. ते हात माझ्या हातात देऊन खिडकीबाहेर बघत होते, आणि एकदम म्हणाले, "दुसऱ्या कुणाची मुलगी असती, तर मी तिला मागे पाठवलं असतं."

कोण, काय, हे मला विचारावं लागलं नाही.

"स्पष्ट दिसलं होतं मला. जागा नव्हती," ते म्हणाले. "पाठवलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा पॅट स्वतःच्या मुलीलाही सोडत नाही. नाही पाठवलं तर म्हणाले असते, मुलगी म्हणून सोडली. मी म्हटलं, तिलाच करू दे. तिने थाप मारली की सुटलो. म्हणून ती तिसरी फेरी. तुझ्यासाठी नव्हती गं ती. माझ्यासाठी होती." मग म्हणाले, "सतरा वर्षांच्या पोरीच्या हातात दिलं मी माझं काम."

चाळीसहून जास्त वर्षं मी समजत होते की त्या दिवशी चुकणारी मी एकटीच होते. मी नेलकटर खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाबा, डेलकडे जाऊ या?"

दुसऱ्याच दिवशी निघालो. रूथ जाऊन बरीच वर्षं झाली होती, डेल त्याच घरात एकटा. वाकलेला, पण पाठ सोडली तर तोच. आम्ही मागच्या पडवीत बसलो. मला वाटलं होतं वाटेत जुळवलेली वाक्यं येतील. आलं ते एवढंच: "डेल, जागा नव्हती. मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी मागून तुझ्या हाताकडेच बघत होतो. तिन्ही फेऱ्या."

बाबा म्हणाले, "मी तिला मागे पाठवायला हवं होतं."

डेल त्यांच्याकडे वळला, आणि त्याचा चेहरा लाल झाला. मी त्याला इतकं रागावलेलं आमच्या स्वयंपाकघरातही पाहिलं नव्हतं. "हो," तो म्हणाला. "हवं होतं, पॅट. ती पोर होती. पोरं चुकतात. मी तिच्यावर एक दिवससुद्धा रागावलो नाही. पण तू वर बसला होतास, आणि तुला दिसत होतं, आणि तू तुझ्या त्या नियमाच्या मागे लपलास. माझा हात गेला त्याचं नाही मला. तू लपलास, त्याचं." त्याने खुर्ची बाबांकडे ओढली. "आणि नंतर इतकी वर्षं माझ्यासमोर बसून हवापाण्याच्या गप्पा मारल्यास."

बाबांनी कसलीही सबब दिली नाही. "हो," म्हणाले. "खरं आहे."

 मग डेल उठला, आत गेला, आणि तीन कप कॉफी घेऊन आला. डाव्या हाताने ट्रे नीट धरता येईना म्हणून दोन खेपांत. बसता बसता म्हणाला, "तरीपण, थांबलेल्याला मागे पाठवणं हा मूर्खपणाच आहे." बाबा ताठ झाले. म्हणाले, "हेतू दिसत नाही, डेल. हल्लीच्या त्या कॅमेऱ्यांतूनसुद्धा दिसत नाही." आणि ते दोघं सुरू झाले. अंधार पडेपर्यंत मला मध्ये एक शब्द बोलायला मिळाला नाही.

बाबा त्यानंतर सात महिने होते. दर रविवारी दुपारी ते डेलला फोन करायचे, आदल्या दिवशी पडद्यावर पाहिलेल्या टकरींवर वाद घालायला, आणि आवाज इतका चढायचा की मी शेजारच्या खोलीतून दार लावून घ्यायची. ते गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी घरात नुसती फिरत राहिले. तीन वाजता फोन वाजला. डेल होता. म्हणाला, "कालची चौथ्या वळणावरची बघितलीस का? सांग, कुणाला मागे पाठवशील?"

मी बघितली नव्हती. म्हणाले, "तू काय पाहिलंस ते आधी सांग." आणि खुर्ची ओढून बसले.